नंदी दारात अडकतो तेव्हा

"डोळ्यांना काय झालंय?" डॉक्टर रामदुर्गकरांनी विचारलं.

मी म्हणाले, "डोळे आलेत."

सांगलीतल्या दुसऱ्या कुणाला ही थाप पचली असती. पण डॉक्टर रामदुर्गकर डोळ्यांचेच डॉक्टर होते. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावली, भर दुपारी, भर रस्त्यात माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढली, मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "डोळे आलेले नाहीत. तुम्ही हसला आहात. आणि बराच वेळ हसला आहात."

माझ्या शेजारी माझी नणंद पद्माक्का उभी होती. ती पदरानं डोळे टिपत होती आणि तिचे डोळे माझ्याहून लाल होते. आमच्या पाठीमागे थिएटरचं दार होतं, दारातून मॅटिनीला लागलेल्या जुन्या सिनेमाची गर्दी सांडत होती, आणि दारावर हातानं रंगवलेलं भलंथोरलं पोस्टर होतं. पोस्टरवर एक पांढराशुभ्र बैल वकिलाचा काळा डगला पांघरून उभा होता. खाली लिहिलं होतं : 'साक्षीला नंदी उभा'.

डॉक्टरांनी पोस्टर पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा पोस्टर पाहिलं.

"तुम्ही हे पाहून आलात?"

"अक्कांना बघायचा होता," मी म्हणाले.

"हिनंच आणलं मला," अक्का म्हणाली. "तिसऱ्यांदा."

डॉक्टर स्कूटरला किक मारून निघून गेले. मला वाटलं, रागावले असते तर बरं झालं असतं. सज्जन माणसाचा हिरमुसलेला चेहरा पाहवत नाही.

त्यांच्या हिरमुसण्याला कारण होतं. तेव्हा, म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी, मी इथल्या एका महिला महाविद्यालयात भूगोल शिकवत होते आणि 'दृष्टी चित्रपट मंडळ' या संस्थेची सचिव होते. अध्यक्ष डॉक्टर, खजिनदार पाध्येवकील. दर महिन्याला एका शाळेच्या सभागृहात आम्ही एक चांगला चित्रपट दाखवायचो. चांगला म्हणजे परदेशी, आणि शक्यतो ज्यात कुणी फारसं बोलत नाही असा. पंचवीस-तीस माणसं यायची. चित्रपट संपला की डॉक्टर त्यावर बोलायचे आणि मग जागी असलेली माणसं चर्चा करायची. डॉक्टरांनी हे मंडळ स्वतःच्या हिमतीवर चालवलं होतं. शुक्रवारी रिळांचे डबे उतरवून घ्यायला ते दवाखाना सोडून स्टेशनवर जायचे. त्यांची मनापासून अशी श्रद्धा होती की चांगले चित्रपट पाहिले तर माणसं चांगली होतात. आणि मंडळाची सचिव बैलाच्या सिनेमाला तिसऱ्यांदा जाऊन आली होती.

रविवारी कार्यकारिणीची बैठक होती. चहा आला, बिस्किटं आली, पुढच्या महिन्याच्या चित्रपटाचं ठरलं. मग डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सुनीतीबाई, मी तुम्हाला जाब विचारत नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. त्या सिनेमात असतं काय?"

आता सांगणं भाग होतं. मी खाली मान घालून सांगितलं. गावच्या पाटलाचा खून होतो. आळ नायकावर येतो. नायकाच्या डोक्यात रांजण पडल्यामुळे त्याला त्या रात्रीचं काहीच आठवत नसतं. खून पाहिलेला असतो फक्त देवळात सोडलेल्या नंदीबैलानं. मग नायिका बैलाला घेऊन चालत जिल्ह्याच्या कोर्टात जाते, आणि बैल भर कोर्टात खऱ्या खुन्याच्या धोतराचा सोगा दातात धरतो.

"बैलाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही," पाध्येवकील म्हणाले. "त्याला शपथ कशी घालणार?"

"बेलाचं पान खायला घालतात," मी म्हणाले.

पाध्येवकिलांनी विचार केला. "तरीही उलटतपासणीचा प्रश्न राहतो."

"आणि नायकाची स्मृती?" डॉक्टरांनी विचारलं.

"परत येते. शेवटी."

"कशी?"

"दुसरा रांजण पडतो."

डॉक्टर माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जसे मोतीबिंदू फार उशिरा दाखवायला आणलेल्या रोग्याकडे बघत असावेत. ती नजर मला सोसवेना. आणि मग मी जे बोलले ते कुठून सुचलं, मला आजही सांगता येणार नाही.

"पण डॉक्टर, वरवर पाहिलं तर तसं वाटतं," मी म्हणाले. "मला त्या बैलात मुका शेतकरी दिसला. त्यानं सगळं पाहिलंय, पण त्याला बोलता येत नाही. आणि कोर्टाचं दार त्याला अपुरं पडतं. तो दारात अडकतो. म्हणजे व्यवस्थेचं दारच त्याच्या मापाचं नाही. त्या वेळी पडद्यावरचं चित्र थरथरतं. मला वाटतं, तो दिग्दर्शकाचा संताप आहे."

डॉक्टरांनी चष्मा उचलून डोळ्यांवर चढवला.

"थरथरतं?"

"चांगलंच."

"बाई, हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना लवकर बंद करून डॉक्टर स्वतः तो सिनेमा पाहून आले. आल्याआल्या त्यांनी मला महाविद्यालयात फोन केला. त्यांचा आवाज चढला होता. मी सांगितलं ते काहीच नव्हतं. त्यांना त्याहून बरंच दिसलं होतं. उत्तरार्धातला निळसर उजेड म्हणजे नैराश्य. शेवटच्या प्रसंगात नायिका सतत पाठमोरी, म्हणजे बाईला या समाजात चेहराच नाही. दोन रांजण म्हणजे विस्मृती आणि जाग. दिग्दर्शकाचं नाव रंगराव बावडेकर. ते कोल्हापुरात असतात, हयात आहेत, आणि आजवर कुणीही त्यांची दखल घेतलेली नाही. मंडळातर्फे खास खेळ ठेवायचा, आधी त्यांचा सत्कार करायचा.

"डॉक्टर, जरा थांबू या का?" मी म्हणाले.

"आपण आधीच फार उशीर केलाय," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मी अक्काला सगळं सांगितलं. अक्का टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती, माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. दिवसभर लोकांचं बोलणं कानावर पडून पडून तिला माणसांबद्दल कसलंही नवल उरलं नव्हतं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आवडला म्हणून बघितला, एवढं सांगायला काय झालं होतं तुला?"

"का आवडला म्हणून विचारलं असतं."

"हां, ते खरं," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी रंगरावांना कोल्हापूरला ट्रंक कॉल लावला. लाइन खराब होती आणि डॉक्टरांची भाषा भारी होती. 'आपली ती अजोड कलाकृती', 'ग्रामीण वास्तवाचा दाहक आविष्कार', असं बरंच काही ते ओरडून बोलले. पलीकडून रंगराव म्हणाले, "येतो. नक्की येतो." सिनेमाचं नाव घेण्याची गरज दोघांनाही वाटली नाही.

शनिवारी दुपारी मी आणि अक्का त्यांना आणायला एसटी स्टँडवर गेलो. कोल्हापूरच्या गाडीतून सत्तरीच्या आसपासचे एक उंच, किडकिडीत गृहस्थ उतरले. अंगात इस्त्रीचा क्रीम रंगाचा कोट, गळ्याशी बटण लावलेलं. हातात कातडी पिशवी. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "रिळं कुठं मिळाली तुम्हाला?"

"इथल्याच थिएटरमधून आणली."

"इथं? सांगलीत?" ते रस्त्यातच थांबले. "बाई, माझ्याकडं त्यातलं एक रीळ नाही. पुण्याला विचारलं, मुंबईला विचारलं. गोदामात पाणी शिरून गेली म्हणाले. आणि इथं, सांगलीत."

मला काही कळेना. रिक्षात बसल्यावर त्यांनी पिशवीतून एक जुना फोटो काढला. भेगाळलेल्या रानात एक बाई विहिरीच्या काठावर उभी होती. "हा तेवढा राहिलाय माझ्याजवळ," ते म्हणाले. "'कोरडी विहीर'. माझा पहिला. एका आठवड्यात उतरवला थिएटरमधनं. कुणी बघितला नाही. परवा तुमच्या डॉक्टरांचा फोन आला, तर मी रात्रभर झोपलो नाही. भाषण लिहून आणलंय."

अक्कानं माझ्या पायावर पाय दिला. मला सांगायला हवं होतं, हे मलाही समजत होतं. मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ते त्या फोटोकडे बघत होते, आणि मी ते मिटलं. तिसऱ्यांदा मी म्हणाले, "सर, एक सांगायचं होतं," आणि रिक्षा शाळेच्या फाटकाशी वळली.

फाटकावर थिएटरकडून आणलेलं तेच पोस्टर लावलं होतं. काळ्या डगल्यातला बैल दोन मजली उंचीवरून खाली बघत होता. आत ही एवढी गर्दी होती. मंडळाच्या खेळाला कधी खुर्च्या भरायच्या नाहीत, त्या दिवशी माणसं खिडक्यांत बसली होती.

रंगराव रिक्षातून उतरले. त्यांनी मान वर करून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले.

"हा?" ते म्हणाले.

"हो सर," मी म्हणाले.

त्यांनी फोटो पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद लावला. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "स्टँडवर चल परत."

पण तेवढ्यात डॉक्टर हार घेऊन धावत आले होते. त्यांनी हार गळ्यात घातला, हात धरला, आणि गर्दीतून वाट काढत रंगरावांना थेट स्टेजवर नेलं. आपल्या पाहुण्याचा चेहरा कसा झालाय, ते डॉक्टरांच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यांत बघण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तेवढं दिसलं नाही.

डॉक्टरांनी भाषण केलं. मुका शेतकरी झाला, व्यवस्थेचं दार झालं, निळा उजेड झाला, पाठमोरी नायिका झाली. दोन रांजणांवर ते बराच वेळ होते. खिडकीतली पोरं चुळबुळू लागली. शेवटी ते म्हणाले, "आता साक्षात दिग्दर्शकांनीच आपल्याला यामागचा विचार सांगावा," आणि खाली बसले.

रंगराव उठले. त्यांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

"विचार सांगतो," ते म्हणाले. आवाज हळू होता, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत जात होता. "साक्ष द्यायचं काम गावच्या गुरवाचं होतं. गुरवाचं काम करणाऱ्या नटाला ऐन वेळी गालगुंड झालं. त्याचं तोंड भोपळ्याएवढं सुजलं. कोर्टाचा सेट दोनच दिवस मिळाला होता. दारात बैल बांधला होता. म्हटलं, घ्या बैलाला."

सभागृहात कुणीतरी फसकन हसलं.

"निळा उजेड म्हणाले डॉक्टर. अर्धी फिल्म एका कंपनीची होती, अर्धी दुसऱ्या. दुसरी निळी निघाली. हिरॉईन पाठमोरी आहे, कारण तिचं लग्न ठरलं आणि ती निघून गेली. पाठमोरी दिसते ती हिरॉईन न्हवं. तो तिचा धाकटा भाऊ आहे, लुगडं नेसून. मिशी होती म्हणून पाठमोरा ठेवला."

आता सगळं सभागृह हसत होतं. डॉक्टर हसत नव्हते. रंगरावही हसत नव्हते. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले.

"हसा. मला सवय आहे," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नात वराकडच्या मंडळींनी पंगतीत बैलाचा आवाज काढला होता. कोल्हापुरात माझं घर विचारलं तर कुणी सांगायचं नाही, नंदीवाले म्हटलं की दारात आणून सोडतील. मी एक चांगला सिनेमा केला, तो कुणी बघितला नाही. मग पोट होतं म्हणून हा केला. हा वाईट आहे. मी केलाय, मला माहीत आहे. तुम्ही शिकलेली माणसं. तुम्हाला चेष्टा करायची होती तर ती पत्रात करायची. म्हाताऱ्या माणसाला एसटीनं बोलवायचं नव्हतं."

ते खुर्चीकडे गेले नाहीत. पिशवी उचलून जिन्याकडे निघाले. डॉक्टर उभे राहिले होते. त्या माणसानं कधी कुणाची चेष्टा केली नव्हती. त्यांचा गोरा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता.

मी पहिल्या रांगेत बसले होते. उठले आणि स्टेजच्या जिन्याशी जाऊन उभी राहिले. म्हणजे त्यांना खाली उतरायला वाटच राहिली नाही.

"सर, यात डॉक्टरांचा दोष नाही," मी म्हणाले. "बैल म्हणजे मुका शेतकरी, हे मी त्यांना सांगितलं. ते मी रचलं होतं. मला तुमचा सिनेमा आवडतो, हे त्यांच्यासमोर कबूल करायची लाज वाटली म्हणून."

"ठीक आहे. जाऊ द्या मला."

"तुमचा सिनेमा वाईट आहे, हे खरंय. पहिला रांजण पडला तेव्हाच मला समजलं होतं. मी भूगोल शिकवते. नायिका बैलाला घेऊन निघते पंचगंगेच्या काठानं, आणि पुढच्याच वळणावर मागे समुद्र दिसतो. तेही दिसलं होतं मला. तरी मी तो तीन वेळा बघितला."

"का?" रंगराव म्हणाले. खरंच विचारत होते.

मी अक्काकडे पाहिलं. जे सांगायचं होतं ते माझ्या एकटीचं नव्हतं. अक्का तोंडावर काहीच न दाखवता बसली होती. मग तिनं मान थोडीशी हलवली.

"ह्या माझ्या नणंदबाई," मी म्हणाले. "सासूबाई गेल्यानंतर आमचं दोघींचं भांडण झालं. आजारपणात कुणी जास्त केलं, यावरून. दोघीही बोलू नये ते बोललो. मग बोलणंच बंद झालं. एका घरात राहायचो, एका चुलीवरचं जेवायचो, पण मीठ हवं असलं तर आमच्या ह्यांना सांगायचो आणि हे तिला सांगायचे. असं वर्ष जात आलं. ह्यांचं वजन कमी झालं."

कुणी तरी हसलं आणि लगेच थांबलं.

"एका दुपारी मी कुणाला न सांगता मॅटिनीला गेले. घरात बसवेना म्हणून. तुमचा सिनेमा होता. अंधार झाल्यावर दिसलं, माझ्या शेजारची एक खुर्ची सोडून अक्का बसली होती. तीही कुणाला न सांगता आली होती. आम्ही दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि मान वळवली. उठून गेलं तर हरल्यासारखं होतं, म्हणून दोघीही बसून राहिलो. मध्यंतरातसुद्धा जागच्या हललो नाही. आणि मग तो नंदी कोर्टाच्या दारात अडकला."

पुढचं मला बोलता येईना. तेव्हा अक्का जागेवरूनच बोलली. ऑपरेटरचा आवाज, कुठंही पोचणारा.

"मला हसू आवरेना. आई गेल्यापासनं हसले नव्हते, एकदम सगळंच वर आलं. बघते तर ही हसतेय, खुर्चीतनं खाली घसरायची बाकी. मधल्या खुर्चीवर दोघींचे हात कधी गेले कळलं नाही. हसताहसता मी रडायला लागले, मग ही रडायला लागली. पुढं बैलानं काय केलं, कुणाचं धोतर धरलं, आम्हाला काही दिसलं नाही. मी हिला म्हटलं, सुनीती, पाणी आहे का गं. वर्षातलं पहिलं वाक्य."

ती जरा थांबली. "पुढचं बघायचं राहिलं होतं म्हणून दुसऱ्यांदा गेलो. तिसऱ्यांदा आपले असेच."

रंगरावांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नेमकं कुठं हसला?" त्यांनी विचारलं. "आत शिरताना, का मागं सरकताना?"

"मागं सरकायला बघतो आणि त्याच्याबरोबर चौकटच निघून येते, तिथं," अक्का म्हणाली.

"ते लिहिलेलं न्हवतं," रंगराव म्हणाले. "तो खरंच अडकला होता. मी मागनं शेपटीला धरून ढकलत होतो. नीट बघितलंत तर माझा एक पाय दिसतो. आणि चित्र थरथरतं म्हणाले ना डॉक्टर, ते कॅमेरामन हसत होता म्हणून. कॅमेऱ्याला मिठी मारून हसत होता. सगळं युनिट हसत होतं. माझी मंडळी त्याच महिन्यात वारली होती. मी पण हसलो. दोनचार मिनिटंच, पण हसलो."

ते तिथंच, स्टेजच्या पायरीवर बसले.

डॉक्टर त्यांच्याजवळ गेले. कोटाची पर्वा न करता तेही शेजारच्या पायरीवर टेकले. "बावडेकर," ते म्हणाले, "मला सिनेमातलं काहीही कळत नाही, असं आता मला वाटायला लागलंय. खरं सांगू का? पाहताना मला तो अजिबात आवडला नव्हता. आवडलाय असं मी स्वतःला पटवून दिलं. क्षमा करा."

"का आवडला नाही?" रंगरावांनी जरा दुखावून विचारलं.

"दोन रांजण फार झाले हो."

"तुम्ही बरोबर आहात," रंगराव म्हणाले. "एकच पुरला असता."

मग पाध्येवकिलांनी दिवे घालवायला सांगितले.

रंगराव आमच्या दोघींच्या मध्ये बसले. पहिल्या खेळानंतर त्यांनी हा सिनेमा कधी पाहिला नव्हता. पाच मिनिटं गप्प राहिले आणि मग सुरू झाले. "हा कट चुकलाय." "ही दाढी उलटी लावलीय." "ह्या गाण्यात कोरसला माणसं कमी पडली, स्वयंपाक्याला उभं केलंय, तो बघा." समुद्र आला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. अक्कानं बराच वेळ सहन केलं. नंदी कोर्टाच्या पायऱ्या चढू लागला आणि रंगराव पुन्हा काही सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, "गप्प बसा हो जरा. बघू द्या."

ते गप्प बसले. चौकट उखडली तेव्हा सभागृहात असा हशा झाला की पाठीमागच्या आळीतली माणसं गच्चीवर आली म्हणे. मी वळून पाहिलं. पाध्येवकील रुमाल तोंडात कोंबून बसले होते. डॉक्टर हाताची घडी घालून, ताठ, गंभीरपणे पडदा बघत होते. त्यांना खरोखरच हसू येत नव्हतं. पण ते पडदा सोडून अधूनमधून भोवतालची माणसं बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं कुतूहल होतं.

त्यानंतर मंडळानं एक नियम केला. वर्षातला एक शनिवार सभासदांच्या आवडीचा, आणि त्या दिवशी भाषण नाही. सूचना डॉक्टरांचीच होती. ते प्रत्येक वेळी येत, हाताची घडी घालून बसत, आणि एकाही वर्षी हसले नाहीत.

त्या दिवशी रंगरावांची शेवटची गाडी चुकली, म्हणून ते आमच्याकडेच मुक्कामाला राहिले. सकाळी मी उप्पीट केलं. आमचे हे अंघोळीला गेले होते. स्वयंपाकघरात पाटावर बसून रंगरावांनी अक्काला विहिरीच्या काठावरच्या बाईचा तो फोटो दाखवला, आणि अक्कानं विचारलं म्हणून 'कोरडी विहीर' पहिल्यापासून सांगायला घेतला. फार मन लावून सांगत होते. दुष्काळ पडतो. नवरा गाव सोडून जातो. बाई मागे राहते. रोज विहिरीवर जाते, रोज आत वाकून बघते, रोज परत येते. एकदा दिवस मावळताना ती काठावर उभी राहते, आणि कॅमेरा हळूहळू लांब जातो.

"मग?" अक्का म्हणाली.

"मग काही नाही. तिथं संपतो."

"पण ती पाणी कुठनं आणते?"

"आणत नाही. ती नुसती बघत राहते. ते दुःख आहे."

"दुःख आहे ते समजलं मला," अक्का म्हणाली. "पण रोज भाकरी थापते म्हणालात ना मघाशी. पाण्याशिवाय पीठ कसं मळते?"

रंगरावांनी बशीतलं उप्पीट चमच्यानं एका बाजूला सारलं, दुसऱ्या बाजूला सारलं. इतकी वर्षं तो सिनेमा त्यांनी मनात सांभाळून ठेवला होता, आणि हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. विचारायला कुणी बघितलाच नव्हता.

"एक करता आलं असतं," ते हळूच म्हणाले.

"काय?"

"पलीकडच्या गावाला नदी आहे असं समजा. तिथनं एक रेडा येतो. पाठीवर पाण्याची पखाल. धन्याचा डोळा चुकवून, एकटाच, डोंगर उतरून येतो. रोज पहाटे."

"हिच्याकडंच का येतो?"

"ते नंतर उलगडतं," रंगराव म्हणाले, आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

अक्का पाट ओढून पुढं सरकली. मी गॅस बंद केला आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.